पेठेतल्या जुन्या घराची मोजणी: लेसर मीटर कोणता घ्यावा आणि टेप कुठे सोडू नये

पन्नास मीटर, शंभर मीटर, दीडशे मीटर. लेसर मीटरच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा हाच असतो, आणि जुन्या घराच्या कामात सगळ्यांत बिनकामाचा आकडाही हाच. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथलं साधं माडीचं घर रस्त्यावर पाच-सहा मीटर आणि मागं परड्यापर्यंत (मागच्या अंगणापर्यंत) पंधरा-वीस मीटर. त्यातही सलग मोकळं अंतर क्वचितच आठ मीटरच्या वर जातं, कारण मधे सोपा (पुढची ओटीसारखी खोली), माजघर, स्वयंपाकघर यांच्या भिंती येतात. शंभर मीटरच्या पल्ल्याचे पैसे मोजून वापरायचे आठच मीटर. त्याच पैशात दुसऱ्या तीन गोष्टी मिळतात आणि त्या खऱ्या उपयोगी आहेत.

हे लिहायचं कारण असं की नवा राजवाडा, टाऊन हॉल यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यांचे वास्तुकार चार्ल्स मांट यांचं नावही बहुतेकांना ठाऊक असतं. पेठेतलं तीन-चार खणी (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा) घर मात्र पडतं तेव्हा त्याचा साधा नकाशाही कुणाकडे नसतो. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) क्षेत्रफळ आणि धारकांची नावं असतात. तुळई कशावर टेकली होती, जिना कुठून चढायचा, चूल कुठे होती, यातलं काही नसतं. ती नोंद घरातल्या माणसांनी, विद्यार्थ्यांनी, गल्लीतल्या हौशी मंडळींनी स्वतः करता येते. लागणारं सामान दहा-बारा हजारांच्या आत बसतं. त्यातला मोठा खर्च लेसर मीटरचा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

हातात धरायचा पहिला लेसर मीटर लायका कंपनीनं १९९३ साली ‘डिस्टो’ नावानं आणला. आज साधं ३०-४० मीटरचं यंत्र ढोबळमानानं दोन-तीन हजारांत येतं. झुकाव दाखवणारं, ब्लूटूथचं यंत्र सहा ते दहा हजारांत. अचूकता दोन्हींची जवळपास सारखीच छापलेली असते, दीड ते दोन मिलिमीटर इकडेतिकडे. जुन्या भिंतीचा गिलावाच हातभर अंतरात पाच मिलिमीटर वर-खाली असतो, तेव्हा या अर्ध्या मिलिमीटरसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

पैसे द्यायचे ते आधी झुकावासाठी. रिकाम्या सोप्यात समोरच्या भिंतीवर लाल ठिपका टाकताना हात सरळ आहे असं वाटतं, पण तीन-चार अंशांचा कल सहज राहून जातो. पाच मीटर अंतरात तीन अंशांनी यंत्र कललं तर माप सात मिलिमीटरनं जास्त येतं. पाच अंशांनी कललं तर एकोणीस मिलिमीटरनं. झुकावाची सोय असलेलं यंत्र पडद्यावर कोन दाखवतं आणि तिरकं माप घेऊनही आडवं अंतर काढून देतं. खोलीत पेटी, कपाट, पिंप असं सामान असतंच. त्याच्या वरून तिरकं माप घ्यावं लागतं तेव्हा ही सोय नसेल तर काम अडतं. काही स्वस्त यंत्रांत फक्त इवलासा बुडबुडा बसवलेला असतो. अंधाऱ्या माजघरात तो दिसतही नाही.

दुसरी गोष्ट, मागच्या बाजूला उघडणारी पिन किंवा पट्टी. तिरकं माप, म्हणजे कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, घ्यायचं तर यंत्राचं रुंद बूड कोपऱ्यात शिरत नाही. पिन उघडली की टोक थेट कोपऱ्यात टेकतं. जुन्या घरात काटकोन नसतोच, त्यामुळे प्रत्येक खोलीचं तिरकं माप लागतं, आणि पिन नसलेलं यंत्र नेमकं तिथंच निकामी ठरतं. घेताना दुकानात एवढं बघा: पिन उघडल्यावर यंत्र ते आपोआप ओळखतं की बटण दाबून सांगावं लागतं? बटणाची भानगड असेल तर दिवसभरात एकदा तरी विसरायला होतं आणि पिनेच्या लांबीएवढी चूक अर्ध्या खोल्यांत शिरते.

तिसरी गोष्ट किमान अंतर. काही यंत्रं पाच सेंटिमीटरपासून मोजतात, काही वीसपासून. कोनाड्याची खोली, दोन वाशांमधली जागा, चौकटीची जाडी यांसाठी पाचवालं बरं. ब्लूटूथ मिळालं तर ठीक, त्याच्यासाठी थांबू नका. मापं फोनमध्ये जातात खरी, पण कुठलं माप कुठलं हे कागदावरच्या रेखाटनाशिवाय संध्याकाळी कळत नाही.

आता यंत्र कुठे फसतं ते. स्वयंपाकघरातली तुळई आणि वासे वर्षानुवर्षांच्या काजळीनं काळे कुळकुळीत झालेले असतात. काळा पृष्ठभाग उजेड गिळतो, मग यंत्र एकतर चूक दाखवतं किंवा नुसतं घुटमळत राहतं. चकचकीत ऑइलपेंट, तसबिरीची काच, आरसा यांच्यावरून किरण भलतीकडे जातो. सगळ्यांत फसवा प्रकार खांबाच्या कडेचा: ठिपका अर्धा खांबावर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला की यंत्र मधलाच कुठला तरी आकडा देतं, आणि तो आकडा दिसायला अगदी खरा असतो. उपाय एकच: पोस्टकार्डाएवढा पांढरा, बिनचमकीचा पुठ्ठा दुसऱ्या माणसानं मोजायच्या जागी धरायचा. उन्हात परड्यात किंवा रस्त्यावर ठिपका दहा मीटरच्या आतच दिसेनासा होतो. बाहेरची मापं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्यावीत. किरण दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे कमी ताकदीचा असतो, तरी डोळ्यांत जाऊ देऊ नये. मोजणी सुरू झाली की गल्लीतली पोरं जमतात, त्यांना आधीच सांगून ठेवावं.

काम सुरू करताना रोज एक तपासणी: स्टीलच्या टेपनं दोन खुणांमधलं तीन मीटर अंतर आखायचं आणि लेसरनं मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी बघा, मोजणी यंत्राच्या पुढच्या कडेवरून होतेय की मागच्या. तिथं नाही सापडलं तर सेल बदला. मगच यंत्रावर शंका घ्या.

टेप दोन लागतात. पाच मीटरची स्टीलची, एक इंच रुंदीची. अरुंद पट्टी हवेत मीटरभर गेली की मोडते. दुसरी तीस मीटरची, फायबरची, पण ती फक्त सलग मापांसाठी आणि हलक्या हातानं, कारण ओढली की ताणते. सलग माप म्हणजे एका कोपऱ्यात शून्य धरून टेप पसरायची आणि दार, खिडकी, कोनाडा, खांब यांच्या कडा त्याच टेपवर ओळीनं वाचायच्या. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली तर प्रत्येकाची दोन-तीन मिलिमीटरची चूक साठत जाते. भिंतभर नऊ-दहा तुकडे असतील तर शेवटी खिडकी दोन-अडीच सेंटिमीटर सरकलेली निघते. टेपच्या टोकाचा हूक मुद्दामच किंचित हलता ठेवलेला असतो, पण जुन्या टेपमध्ये तो वाजवीपेक्षा जास्त हलतो. बारीक मापं १०० मिलिमीटरच्या खुणेवरून सुरू करून नंतर वजा करावीत.

खोली कशी बंद करायची? चार भिंती आणि दोन्ही तिरकी मापं. गणितानं एक तिरकं माप पुरतं, दुसरं पडताळ्यासाठी. १० फूट बाय १४ फुटांच्या, म्हणजे ३.०५ बाय ४.२७ मीटरच्या खोलीत काटकोन असेल तर दोन्ही तिरकी मापं ५.२५ मीटरच्या आसपास येतील. पेठेतल्या खोलीत एक ५.१८ आणि दुसरं ५.३१ असं निघणं मुळीच आश्चर्याचं नाही. प्लॉट तिरका, गल्ली तिरकी, त्यात दोन पिढ्यांनंतर मधे घातलेली वाटणीची भिंत. चित्र काढताना हा तिरकेपणा काटकोनात बसवायचा मोह होतो. तो टाळा, कारण घर कधी आणि कसं वाढलं याचा पुरावा त्यातच असतो.

भिंतीची जाडी प्रत्येक दारात मोजायची, एकदाच मोजून सगळीकडे लावायची नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर भेंड्याची (कच्च्या मातीच्या ठोकळ्यांची) किंवा मातीत बांधलेल्या विटेची भिंत, आणि माडीवर तीच भिंत आतून काही इंच कमी झालेली, असं नेहमी दिसतं. बाजूच्या भिंती सामाईक असतात, त्यामुळे घराची लांबी बाहेरून मोजता येत नाही. अशा वेळी पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत, मधली दारं समोरासमोर असतील तर, नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि प्रत्येक खोलीचे कोपरे त्या दोरीपासून मोजा. सगळ्या खोल्या एकाच रेषेला अडकल्या की नकाशा फिरत नाही. हे न करता खोल्या सुट्या मोजून नंतर कागदावर जोडल्या की मागची न्हाणी हमखास शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसते.

उंचीसाठी भिंतीवर आडवी रेषा टाकणारं महागडं लाइन लेसर घेऊ नका. गवंड्याची पाण्याची नळी, पारदर्शक, पंधरा मीटर लांबीची, काही शे रुपयांत मिळते आणि भिंतीपलीकडे, कोपरा वळून, जिन्याखाली कुठेही चालते. उंबऱ्यापासून एक मीटर उंचीवर पहिली खूण करायची आणि ती पातळी सगळ्या खोल्यांत न्यायची. त्या रेषेपासून खाली जमीन, वर तुळई, असं मोजायचं. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून पाणी एका टोकानं हळू भरायचं आणि दोन्ही टोकं शेजारी धरून आधी बघायचं. खांबाचा कल बघायला ओळंबा. पंख्याच्या वाऱ्यात तो डुलत राहतो, पंखा बंद करा.

ही आडवी रेषा कोल्हापुरात आणखी एका कारणासाठी हवी. पंचगंगेच्या काठच्या भागांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा भिंतींवर अजून दिसतात: गिलाव्याचा बदललेला रंग, फुगलेली चौकट, लोणा (क्षाराची पांढरी बुरशी) लागलेला पट्टा. या खुणांची उंची रेषेपासून मोजून, साल विचारून, चित्रात लिहा. नदीची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ फुटांत सांगतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. घरातली खूण मात्र उंबऱ्यापासून मोजलेली असते. दोन्ही आकडे शेजारी लिहायला हरकत नाही, पण एकातून दुसरा वजा करू नका. दोघांचा शून्य वेगळा आहे.

मोबाइलच्या स्कॅनबद्दल सतत विचारणा होते. २०२० च्या आयफोन १२ प्रो पासून प्रो मॉडेलांत लायडार, म्हणजे लेसरनं अंतर मोजणारा सेन्सर आहे, पल्ला साधारण पाच मीटर. एका खोलीचं रंगीत त्रिमितीय चित्र पाच मिनिटांत तयार होतं आणि ते खरंच सुंदर असतं. सामान कुठे होतं, कौलांची उतरण कशी होती हे दाखवायला त्याला तोड नाही. पण खोलीतून खोलीत जाताना, विशेषतः अंधाऱ्या अरुंद जिन्यात, फोनला आपली जागा कळेनाशी होते आणि माडी खालच्या मजल्यावर वाकडी बसते. एका खोलीत एक-दोन सेंटिमीटरची चूक, अख्ख्या घरात त्याच्या कितीतरी पट. म्हणून स्कॅन खोलीगणिक वेगळा करावा, दिवे लावून, आणि त्यावरून नकाशा न काढता तो फोटोसारखा जपावा. कोरीव खांबासाठी तर तो अगदीच तोकडा पडतो. तिथं नक्षीचा आकार उतरवून घेणारं सुयांचं प्रोफाइल गेज घ्या, दहा इंची, प्लास्टिकच्या सुयांचं. लोखंडी सुया जुन्या रंगावर ओरखडे काढतात. गेज दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि आकार लगेच कागदावर उतरवून घ्यायचा, कारण पिशवीत टाकलं की सुया हलतात.

तिपाईवरचा मोठा स्कॅनर भाड्यानं आणणारे, किंवा पूर्ण सेवा देणारेही आता मिळतात. साध्या दुमजली घराला हा खर्च आमच्या मते तेव्हाच करावा जेव्हा घर महिन्याभरात पडणार आहे किंवा भिंती इतक्या झुकल्या आहेत की आत जास्त वेळ थांबणं धोक्याचं आहे. सेवा घ्यायचीच तर आधी लिहून घ्या: १:५० चे नकाशे आणि किमान दोन छेद, पीडीएफ आणि डीडब्ल्यूजी (नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची फाइल) दोन्हींत, शिवाय स्कॅनरनं मोजलेल्या मूळ बिंदूंची फाइल ई५७ या प्रकारात. नुसती स्क्रीनवर फिरणारी प्रतिमा मिळाली तर पाच वर्षांनी ती उघडायला सॉफ्टवेअर राहील याचा भरवसा नाही. स्कॅनर प्रत्येक दारात मांडला का, पोटमाळ्यावर चढवला का, हेही विचारा. पोटमाळाच राहतो, आणि घराचं वय तिथंच कळतं.

तर वय. मंगळुरी कौलाच्या पालथ्या बाजूला कारखान्याचं नाव ठशात असतं. बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली. त्याआधी असं जड कौल घाट चढून बैलगाडीनंच यायचं, म्हणून साध्या घरावर ते दिसलं तर रेल्वेनंतरचं असण्याची शक्यता जास्त. लोखंडी गर्डरवर टाटांचा शिक्का असेल तर तो १९१२ च्या आधीचा असू शकत नाही. त्या साली जमशेदपूरला पहिलं पोलाद निघालं. घडीव चौकोनी खिळे जुने, गोल तारेचे त्यानंतरचे. पण प्रत्येक पुरावा फक्त त्या तुकड्याचं वय सांगतो. कौलं बदलतात, गर्डर नंतर घालतात, खांब दुसऱ्या पडक्या वाड्यातून विकत आणतात. खांबाला कारण नसलेली रिकामी खाच दिसली, जिच्यात आज कुठलाच कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) बसत नाही, तर तो खांब दुसरीकडून आलेला किंवा त्याच घरात जागा बदललेला. शिक्क्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. फोटोपेक्षा तो वाचायला सोपा जातो.

कागदपत्रांत मिळकत पत्रिका, घरफाळ्याचा (घरपट्टीचा) जुना उतारा, खरेदीखत, वाटणीपत्र इतकं बहुतेक घरांत मिळतं. सिटी सर्व्हे नंबर वॉर्डासकट लिहा, कारण ए पासून ई पर्यंत प्रत्येक वॉर्डात नंबर वेगळे चालतात. घरफाळ्याचा उतारा पत्रिकेपेक्षा उपयोगी, कारण आकारणी वाढलेल्या सालात बहुधा खोली वाढलेली असते. वाटणीपत्रात ‘जिन्याखालची खोली’, ‘पूर्वेकडील दोन खण’ अशी वर्णनं येतात आणि ती थेट नकाशावर बसवता येतात. मोडीतला कागद असेल तर स्वतः अंदाज न लावता जाणकाराकडून वाचून घ्या. इसवी सन काढायचा हिशेब ढोबळमानानं असा: शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९, आणि महिन्याप्रमाणे एखादं वर्ष पुढे जातं. नुसतं ‘सन’ म्हणून चार आकडे दिसले तर यांपैकी कुठला हे आधी ठरवा.

घरातल्या आजी, मावशी, काकू यांना विचारायचे प्रश्न नेमके हवेत. ‘घर किती जुनं?’ याचं उत्तर नेहमी ‘शंभर वर्षांचं’ असं येतं. त्याऐवजी विचारा: तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा चूल कुठे होती, पाणी कुठून आणत होता, माडीवर कोण झोपायचं, ही भिंत तेव्हा होती का. अशा उत्तरांतून खोल्यांचा क्रम आणि बदलांची सालं मिळतात. मोजणी म्हटलं की भाऊबंदांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनात शंका येते, म्हणून आधी सगळ्या हिस्सेदारांना सांगा आणि प्रत्येक नकाशाच्या तळाशी लिहा: ‘वास्तूच्या अभ्यासासाठी, मालकी अथवा हद्दीचा पुरावा नाही.’

नकाशा १:५० ला काढला तर सहा बाय अठरा मीटरचं घर १२ बाय ३६ सेंटिमीटर होतं आणि ए-३ कागदावर नीट बसतं. खांब, चौकट, गणेशपट्टी १:१० ला. खोल्यांना पुढच्या दारापासून क्रमांक द्या, आणि फोटोंना तेच क्रमांक, भिंतीच्या दिशेसह: ‘०३-उत्तर’. फोटो फोनच्या रुंद लेन्सनं काढू नका, खांब वाकडे येतात. मागं सरकायला जागा नसेल तर एका भिंतीचे दोन फोटो घ्या. प्रत्येक फोटोत एक मीटरची रंगीत पट्टी हवी.

खरेदीचं बोलायचं तर आमची निवड अशी: झुकाव आणि पिन असलेला ३०-५० मीटरचा लेसर मीटर, रुंद स्टील टेप, फायबरची टेप, पाण्याची नळी, ओळंबा, प्रोफाइल गेज, नायलॉनची दोरी आणि आलेख कागदाची वही. पैसे कमी असतील तर लेसर सोडून बाकीचं घ्या. दोन माणसं आणि चांगली टेप असली की काम हळू होतं पण बरोबर होतं. उलट नुसता लेसर घेऊन नळी आणि दोरी टाळली तर नकाशा जुळत नाही. दुकानात यंत्र हातात घेऊन काळ्या वस्तूवर आणि काचेवर मारून बघा, परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. पावसाळ्यात मोजणी ठेवू नका, पण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एकदा जाऊन कुठल्या वाशाखाली पाणी ठिबकतं ते नकाशावर टिपून या. उन्हाळ्यात कोरडी दिसलेली तुळई कुठून कुजत आली आहे ते त्या एका फेरीत कळतं, आणि दुरुस्ती करणाऱ्या सुताराला तोच कागद सगळ्यांत आधी लागतो.